चेल्लैयाचं नाव

गुरुमूर्तीनं इडलीचा घास तोंडापाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"कसाला असं बसलांत?" बायको अंबानं विचारलं.

"मी फोटोखाली त्याचं नांव घालून सोडलों," तो म्हणाला.

तंजावरातला हा जुना बातमीछायाचित्रकार. बाकीचे मंत्र्यांचे हार टिपत, ह्याचा कॅमेरा वळायचा उष्टी पानं उचलणाऱ्यांकडे, स्मशानात लाकडं रचणाऱ्यांकडे. खोड एकच, फोटोखाली माणसाचं नाव हवंच. नुसतं 'कामगार' लिहिणं त्याला शिवी दिल्यासारखं वाटायचं. नाव जिवावर बेतण्यासारखं असलं, तर कचेरीतला उपसंपादक सूर्यनारायण त्यावर काट मारायचा. मग पेपरानं दोघांच्याही नोकऱ्या मोडीत काढल्या. आता गुरुमूर्ती सुटे फोटो त्याच पेपराला मोबाइलवरून पाठवी आणि तो कुणी न तपासता थेट जगापुढे जाई. पण जित्याची खोड ती, मेल्याशिवाय जाते थोडीच!

काल गटारं उपसणारा चेल्लैया ठेकेदाराच्या हुकमानं भुयारी गटारात उतरला होता. माणूस असा उतरवणं कायद्यानं बंद. "फोटोत तोंड येऊ देऊ नका, सार," एवढंच त्यानं मागितलं होतं. गुरुमूर्तीनं शब्द पाळला. फोटोत फक्त खांदे आणि काळं पाणी. आणि खाली, सवयीनं, चेल्लैयाचं नाव.

नाव काढायला सांगावं, तर कचेरीत फोन कुणी उचलेना. ठेकेदाराविरुद्ध बोललेल्या एकाचे हात मोडले होते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? गुरुमूर्तीनं गळ्यात कॅमेरा अडकवला नि स्कूटर काढली. सिग्नलला थांबल्यावर कळलं, आपण देवाला नवस बोलतोय. हा माणूस आयुष्यात कधी नवस बोलला नव्हता.

चेल्लैयाच्या दारात ठेकेदाराची मोटारसायकल उभी. झालं, संपलं. गुरुमूर्तीला पळून जावंसं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर एकदा तो मागे वळलाही. मग आत शिरला.

ठेकेदार खुर्चीत बसला होता आणि चेल्लैया भिंतीला टेकून उभा होता. हात धड होते, अजून.

"सार, सांगा ह्यांना," चेल्लैया घाईनं तमिळमध्ये म्हणाला. "तो फोटो कंप्यूटरनं बनवलेला. मी उतरलोच नव्हतो. तुम्हीच सांगा."

ठेकेदारानं मोबाइल समोर धरला. "व्हिडिओ चालू आहे. बोला, सार."

उभ्या जन्मात गुरुमूर्तीनं फोटोतला एक डागही पुसला नव्हता. चेल्लैया त्याच्याकडे बघत होता.

"मी गुरुमूर्ती, तंजावूर. हा फोटो खोटा आहे. मीच बनवला."

ठेकेदारानं मोबाइल खिशात टाकला. "बरं झालं," तो उठत चेल्लैयाला म्हणाला. "चल. बसस्टँडमागचंही तुंबलंय."

चेल्लैया त्याच्यामागून निघाला. गुरुमूर्तीनं कॅमेऱ्याला हात घातला आणि तसाच थांबला. आता आपण काढलेला फोटो कोण खरा मानणार होतं?