आईच्या बाटलीतलं नॅट्रियम

साताऱ्याच्या एका कॉलेजात मी अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, सोडियमचं चिन्ह Na कसं? मग मी लॅटिनचं पुराण लावते. नॅट्रियमचं Na, कॅलियमचं K, फेरमचं Fe. अर्धा वर्ग जांभया देतो आणि मी डाफरते.

यंदा सांगलीच्या दवाखान्यात आईच्या उशाशी बसले, तेव्हा त्या पुराणाचा मला वीट आला. रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय, असं डॉक्टर सांगून गेले होते. ते सलाइनमधून हळूहळूच वाढवावं लागेल, नाही वाढलं तर झटके येतील, मग काही सांगता येत नाही.

आई आष्ट्याला एकटी राहते. आम्ही जैन. वडील गेल्यावर तिनं बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, महाराजांसमोर जन्मभर मीठ सोडायचा नियम घेतला. अळणी आमटी, अळणी भाजी, आणि वर रक्तदाबासाठी, अंगातलं मीठ लघवीवाटे काढून टाकणारी गोळी. डॉक्टरांना ती नियमाचं कधी बोललीच नव्हती. धर्माचं त्यांना काय सांगायचं, असं तिचं म्हणणं.

सोडियम उतरल्यानं आता ती भ्रमात होती, मला ओळखत नव्हती. नियम मात्र पक्का ध्यानात होता. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, हे तिला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं. तिनं सुई उपसून टाकली. नर्सनं पुन्हा लावली, तिनं पुन्हा उपसली. शेवटी हात कॉटला बांधावे लागले. पट्टीत तिची मनगटं वळवळत होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं. त्या नियमावर, महाराजांवर, तिच्यावर. मी तिचे पाय धरून रडले. ती परक्या बाईकडं बघावं तशी बघत राहिली.

"बाई, ह्यात मीठ हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "नॅट्रियम हाय ह्यात." साताऱ्यात विसरलेली बोली आपसूक तोंडात आली.

ते नाव तिनं दोनदा पुटपुटून बघितलं, तिला जमलं नाही. मग हात सैल पडले. सुई राहिली.

हळूहळू ती शुद्धीवर आली. एका सकाळी मला ओळखलं, आणि कॉलेज बुडवून इथं काय करतीस म्हणून रागावलीसुद्धा. मला हसू आणि रडू एकदमच आलं. पण डॉक्टर म्हणाले, सलाइन इतक्यात थांबवता येणार नाही, सोडियम पुन्हा घसरेल. नर्स नवी बाटली घेऊन आली. हातांच्या पट्ट्या सोडलेल्या होत्या. आई बाटलीकडं बघत होती. खरं सांगितलं तर ती हात लावू देणार नाही आणि माझ्या डोळ्यांदेखत जाईल. नाही सांगितलं, तर तिचा जन्माचा नियम मी मोडला.

"मागं कोण एक बाई सांगत हुती, ह्यात मीठ न्हाई म्हणून," ती म्हणाली. "तू शिकवतीस न्हवं ह्येच? खरं हाय का?"

"खरं हाय, आई."

तिनं स्वतःहून हात पुढं केला.

"लाव गं," ती नर्सला म्हणाली. "परकी सांगत हुती तवा जिवाला घोर हुता. आता लेकच सांगती."