भिंतीकडची बाजू

आई गेली त्यानंतर चार महिने बाबा पडवीत चटईवर झोपले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. ज्या पलंगावर तिचं दुखणं काढलं तिथे त्यांना झोपवत नसेल, असं मी समजून घेतलं. मग त्यांची पाठ धरली. सकाळी खांबाला धरून उठावं लागायला लागलं, तेव्हा खेडच्या डॉक्टरांनी बजावलं, "जमिनीवर झोपणं बंद करा. पलंगाच्या जाळीवर प्लायवूड टाका आणि चांगली गादी घ्या."

पलंग लोखंडी, तारेच्या जाळीचा. बाबा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत लागले तेव्हा घेतलेला. जाळीची मधोमध झोळी झाली होती. वरची कापसाची गादी आईच्या तेराव्यानंतर टाकून दिली होती. सुताराने प्लायवूड ठोकून दिलं, आणि गादी निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी दापोलीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. शनिवारी दुपारी एसटीने घरी यायचं आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जायचं, असं माझं चाललेलं असतं. बाबांना चिपळूणला दुकानात नेऊन गादीवर झोपून बघायला लावावं, असा माझा विचार होता. पण त्या पाठीने त्यांना एसटीत बसवेना. शिवाय म्हणाले, "दुकानात लोकांपुढं आडवा पडू काय? मेल्यागत?"

तेव्हा गादी न बघता मागवायची ठरली. रोज शाळा सुटल्यावर मी फोन घेऊन वाचत बसायचे. कुशीवर झोपणाऱ्याला वरचा थर जरा मऊ लागतो आणि पाठीवर झोपणाऱ्याला घट्ट. फोम कमी घनतेचा असेल तर वर्षभरात खड्डा पडतो. लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांतले गादी आली त्याच दिवशी लिहिलेले मी सोडून द्यायला शिकले. वर्ष-दीड वर्ष झोपून झाल्यावर जे लिहितात तेच कामाचे. आणि आवडली नाही तर परत नेतात का, हे आधी पाहायचं. वर्गाची तयारी करावी तशी वहीत टिपणं काढली होती.

एका रविवारी सकाळी बाबांना समोर बसवून गादीच्या कंपनीची प्रश्नावली भरायला घेतली. पहिलाच प्रश्न, गादीवर किती जण झोपणार.

"दोन," बाबा म्हणाले.

"मी माजघरात झोपते की, बाबा."

"तुझं नाय म्हणत."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते अंगणातल्या वाळत घातलेल्या आमसुलांकडे बघत होते. मी 'दोन' वर बोट ठेवलं. पुढे पहिल्या व्यक्तीचं वजन आलं, मग दुसऱ्या व्यक्तीचं.

"कुठलं घालायचं?" बाबांनी विचारलं.

मला ते लगेच कळलं. इस्पितळातल्या काट्यावरचा शेवटचा आकडा आम्हा दोघांनाही पाठ होता. "आजाराच्या आधीचं घालू," मी म्हटलं.

"मग पंचावन्न."

"आणि कशी झोपते?"

"कुशीवर. भिंतीकडं तोंड करून, पाय माझ्या अंगावर."

मी 'कुशीवर' निवडलं. झोपते, असं मी विचारलं होतं आणि त्यांनीही तसंच उत्तर दिलं होतं. प्रश्नावली संपली आणि पडद्यावर एका गादीचं चित्र आलं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'जोडीदाराची हालचाल जराही जाणवणार नाही.' मला ती मोठी गुणाची गोष्ट वाटली. मी तीच मागवली.

गादी गुंडाळी होऊन आली, माणसाएवढ्या उंचीची, प्लास्टिकमध्ये करकचून दाबलेली. टेम्पो डांबरी रस्त्यावरच थांबला. शेजारच्या काकांनी आणि मी ती पायवाटेने वर आणली. पलंगावर ठेवून प्लास्टिक कापलं तसा आतून एक लांब श्वास सुटला आणि गादी हळूहळू फुगायला लागली. आधी मधला भाग वर आला आणि मग कडा. शेवटी भिंतीकडचा कोपरा उचलला गेला. काका, "काय काय निघतं हल्ली," म्हणून हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी पंजा दाबून धरला आणि काढला. हाताचा ठसा क्षणभर राहिला आणि बघता बघता बुजला.

त्याच आठवड्यात शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "पाठीला बरं हाय. पण गादी बदलूया."

"का? टोचते? गरम होते?"

"शनिवारी ये. सांगतो."

शनिवारी जेवणं झाल्यावर त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, सुपारी कातरत.

"तुझी आय पहाटे उठायची तेव्हा तिची बाजू वर यायची, माझी जरा खाली जायची. रात्रपाळी करून आलो, मेल्यासारखा झोपलो, तरी कळायचं, उठली म्हणून. ती गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे पलंग तसाच हलला. डोळे उघडले नायत मी. दुसऱ्या दिवशी परत. भ्यालो गो. उठून पडवीत गेलो."

सुपारीचा अडकित्ता थांबला.

"आता वाटतं, कशाला भ्यालो? कोण परकं होतं काय? म्हणून परत आलो. पण ही गादी हलतच नाय. आता ती आली नि उठून गेली तरी मला कळायचं नाय."

मला बोलायला पुष्कळ सुचलं. जुनी सैल जाळी, आपलाच श्वास, कुशीवर वळताना ताणली जाणारी तार. नववीच्या वर्गाला मी हे पाच मिनिटांत समजावलं असतं. पण पलंगाच्या खोलीच्या दाराकडे माझी पाठ होती. मी जागा बदलून बसले.

सोमवारी मी कंपनीला फोन लावला. "जिच्यावर दुसऱ्या माणसाची हालचाल जाणवते, अशी गादी कुठली?"

"जाणवत नाही अशी ना, मॅडम?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"नाही. जाणवते अशी."

तिने विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का? उठलं तर शेजारच्याला कळायला हवं, असं?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

"मग साधी स्प्रिंगची घ्या. जुन्या पद्धतीची. तिच्यात सगळ्या स्प्रिंग एकमेकींना जोडलेल्या असतात, एक दबली की शेजारची हलते. सुट्या पिशव्यांतल्या स्प्रिंगची घेऊ नका." मग हळूच म्हणाली, "काळजी घ्या त्यांची."

पहिली गादी त्यांनी परत नेली. दुसरी आली तेव्हा मी शाळेत होते. पुढच्या शनिवारी घरी पोचले आणि पायरीवरूनच विचारलं, "झोप लागते?"

"लागते," बाबा म्हणाले. पाय धुवायला त्यांनी मला पाणी दिलं आणि स्वतःहूनच सांगितलं, "मी कूस बदलली की ती बाजू हलते. ठाऊक हाय मला, माझंच हलणं ते. पण अर्ध्या झोपेत कुठं ठाऊक असतं?"

रविवारी दुपारी ते जेवून झोपले होते. गादी नीट निवडली की नाही हे आपण एकदा बघावं, म्हणून मी पायथ्याकडून अलगद भिंतीच्या बाजूला आडवी झाले. गादी चांगली होती. कमरेला आधार मिळत होता, खांदा नेमका तेवढाच रुतत होता. मी भिंतीकडे वळले. स्प्रिंग हलकेच कुरकुरल्या.

"पाणी हवंय काय?" बाबांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते. माझ्याशी ते कधी या आवाजात बोललेले नाहीत. आईच्या शेवटच्या दिवसांत दारामागून मी तो ऐकला होता, तेवढाच.

"नको," मी म्हटलं. तेही माझ्या आवाजात नाही. तो आवाज मी काढला की आला, ते मला अजून सांगता येत नाही.

"बरं," ते म्हणाले आणि त्यांचा श्वास पुन्हा संथ झाला.

मी हलले नाही. हात बधिर झाला तरी तशीच पडून राहिले. बाहेर ऊन कौलांवरून उतरत गेलं. खालच्या रस्त्याला संध्याकाळच्या गाडीचा हॉर्न वाजला, गाडी थांबली आणि निघूनही गेली.