बुधवारचं शिवराक

निघाले त्या दिवशी आईने बॅगेत सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पुडी कोंबली आणि मी ती काढून ठेवली. विमानतळावर वास सुटेल, लोक नाक मुरडतील, ही माझी काळजी. गोव्यात, आमोण्याला आमच्या अंगणात गाडी उभी होती, शेजारच्या सुनंदाकाकी निरोपाला आल्या होत्या. गाडीचं दार लावताना आई म्हणाली, "फोन बुधवारी नी आयतारा कर. निस्त्याच्या दिसा. बाकी दिसांनी सांगण्यासारखां काय असतां?"

निस्तें म्हणजे मासळी. सोमवारी आणि गुरुवारी आमच्या घरी शिवराक, मासळीशिवायचं जेवण. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीचे. बाबा गेल्यावरही आईने हा क्रम मोडला नाही. फोनवर ती स्वतःबद्दल कधीच बोलत नसे, मासळीबद्दल बोले. शेवटा हा नदीतला मासा मिळाला पण काट्यांनी जीव नको केला, असं म्हणाली की समजायचं, स्वारी खुशीत आहे. सुंगटं शिळी निघाली म्हणून बाजारात परत जाऊन भांडली, म्हणजे गुडघे ठीक. उरलेलं हुमण, माशाची आमटी, काकीकडे पोचवलं, म्हणजे दोघींचं सूत जुळलेलं. पहिली दोन वर्षं हे मला आपसूक कळत होतं.

मी आयर्लंडमध्ये एका वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. तिथे माणसांशी बोलायचं रीतसर ट्रेनिंग देतात. समोरच्याचं वाक्य त्यालाच परत ऐकवायचं, मान थोडी तिरकी करायची, 'हे तुमच्यासाठी किती अवघड असेल' म्हणायचं, दुखणं शून्य ते दहामध्ये विचारायचं आणि टॅबवर भरायचं. मी त्यात सगळ्यांच्या पुढे होते. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. आता ते आठवलं तरी शिसारी येते.

कारण तीच जीभ मी घरी वापरायला लागले. सकाळी शिफ्टला जाताना बस स्टॉपवरून व्हिडिओ कॉल लावायचा. आमोण्याला तेव्हा जेवणाची वेळ. आई शेवट्याबद्दल सांगू लागली की मी मध्येच विचारायची, "ते राहू दे, तब्येत कशी? दुखणं किती, शून्य ते दहा?" आई हसायची. "आकडो काय सांगू बाय? तूच घाल एक."

मग एका बुधवारी ती म्हणाली, "आज शिवराक केलां."

श्रावण नव्हता, चतुर्थी नव्हती, घरात सोयर-सुतक नव्हतं. बुधवार होता. मी म्हटलं, "छान, हलकं खाल्लेलं बरं."

पुढच्या बुधवारी, "पेज केली. वांगडा लोणचां." म्हणजे पेजेबरोबर नुसतं लोणचं. मी म्हटलं, पेज पौष्टिक असते. आईला, जिने मला पेजेवर वाढवलं, तिला मी पेज पौष्टिक असते हे सांगितलं.

तिसऱ्या बुधवारी ती जवळजवळ सरळच बोलली. "निस्त्याचो वास नको वाटता गो." मी मान तिरकी केली. हो, फोनच्या पडद्यासमोर केली, मला अजून आठवतं. म्हटलं, "मासळीचा वास नको वाटतोय तुला. मग नको खाऊस. शरीराचं ऐकावं." बस आली म्हणून मी फोन ठेवला.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर गेले, ते म्हणतील, हल्ली आईचा चेहरा रोज समोर दिसतो, अंतर राहिलंच कुठे. मलाही चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्याचे डोळे पिवळे पडत होते आणि मी नेटवर्क खराब आहे म्हणत होते.

कळलं ते सुनंदाकाकीला, आणि तेही आमच्या मांजरामुळे. आईने टाकलेल्या डोक्या-शेपट्यांवर जगणारं ते मांजर तीन दिवस काकीच्या पायरीवर ओरडत बसलं, तेव्हा काकी उठून आमच्या घरात गेल्या. आई भिंतीशी आडवी होती. कावीळ चांगलीच वाढली होती. काकीने तिला रिक्षात घालून डिचोलीला दवाखान्यात नेलं, आणि मग मला फोन केला.

मी पोचले तेव्हा आई वाचणार हे ठरलं होतं. काकीने मला बाहेर व्हरांड्यात घेतलं. "बुधवारी शिवराक म्हणून सांगलां तिणें तुका. तीनदा. तरी तुका कळूक ना?" आवाज चढवला नाही त्यांनी. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते ट्रेनिंगमधलंच वाक्य, की तुम्हाला हे सगळं किती अवघड गेलं असेल. काकी आत निघून गेल्या. स्वतःच्या तोंडाची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

परत आले. केअर होममध्ये मार्गारेट नावाच्या एक आजी आहेत. 'मी अगदी मजेत' असं त्या रोज म्हणतात आणि मी रोज त्यांचं ताट बघते. बटाटे उरले की नर्सला सांगते, दोन दिवस उरले की डॉक्टरला. परक्या बाईचं ताट वाचायचा मला पगार मिळतो. ते वाचायला मला शिकवलं आईने, आणि तिच्याच बाबतीत मी आंधळी झाले.

आई आता बरी आहे. बाजारातही जाते, हे मला काकीकडून कळतं. मी बुधवारी फोन करते. मागच्या बुधवारी मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "दुखणां दोन. जेवण बरां. झोप बरी." पाठ केल्यासारखं. मी विचारलं, "आज निस्तें खंयचां आणलंस?"

मागे मांजराचा आवाज येत होता.

"तां तुका कित्याक गो?" ती म्हणाली. रागाने नव्हे, तुला ते कशाला, असं एखाद्या पाहुण्याला विचारावं तसं. "तुका आकडो जाय मगे. दोन घाल."

घर कुठलं विचारलं तर मी अजून आमोणे सांगते. पण घर होतं ते त्या फोनमध्ये, जिथे मला न विचारता शेवट्याचे काटे सांगितले जायचे. ते आता काकीला सांगितले जातात. मला दोन मिळतात.