कल आली तरी मी उठलो नाही

सन १९०८. मी बावीस वर्षांचा होतो. साताऱ्याकडच्या आमच्या गावातून बैलगाडीत बसलो तेव्हा आई चुलीपुढंच राहिली, बाहेर आली नाही. वडील ओढ्यापर्यंत गाडीबरोबर चालत आले. म्हणाले, "जातोस तर जा. पण कुणाचा मिंधा होऊ नको." एवढंच बोलून माघारी वळले.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून इंदूर-बडोद्याला गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो. शाळा दुसरीपर्यंतच झाली, तेव्हा शुद्धलेखन बघू नका.

ग्वाल्हेरला मामा फौजेत शिपाई. दाना ओली नावाच्या गल्लीत त्यांची एक खोली. त्यांनी खटपट करून स्टेशनच्या फाटकाबाहेर हातभर जागा माझ्या नावावर करून दिली. तिथं मी चिवडा विकायला बसलो. आपला, पोह्यांचा. इकडचे लोक आधी नाक मुरडत, मग पुडी बांधून नेत. बस्तान बसतंय तोच स्टेशनचे ठेकेदार लालाजी आले. "ए दक्खनी, कल आएगी तो तुझे उठना पड़ेगा."

मला वाटलं, उद्या कुणी बाई येणार. मी ताडकन म्हटलं, "कौन आएगी? आज ही बुलाओ! हम डरता नहीं!" सगळं फाटक हसलं. घरी मामांनी सांगितलं, "अरे गाढवा, कल म्हणजे यंत्र. आपण कळ म्हणतो ना, तीच."

मग ती आली. लाल रंगाची लोखंडी पेटी. भोकात पैसा टाकायचा, खण ओढायचा, पेपरमिंटची पुडी हातात. विकणारा कुणी नाही! काही बाया तर तिला हात जोडत. पण तिला चाले फक्त इंग्रजांचा कलदार पैसा, आणि इथल्या खिशात संस्थानचा नागछाप पैसा. तो टाकला की पेटी गिळून गप्प. लोक तिला लाथ घालत आणि माझ्याकडे येत. लालाजी म्हणाले, "तू इसी के पास बैठ, पैसे बदल दिया कर. तनखा दूँगा." मी म्हटलं, "पेटीची चाकरी करायला मी एवढा मुलूख ओलांडला नाही." त्यांना मराठी कळली नसेल, सूर कळला. मामाही चिडले. "हट्ट सोड, नाहीतर गावी जा." मी दोन्ही केलं नाही.

पेटी गंजली. पुढं दुसरी आली, जर्मन म्हणायचे. ही हुशार. खोटा पैसा ओळखून खाली टाकून द्यायची, आणि काचेतून माल दिसायचा. चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण जर्मनीशी पहिली लढाई लागली, माल यायचा थांबला, आणि तिच्यात चिमण्यांनी घरटं केलं. आता तिसरी आहे, वजनाची. उभं राहिलं की दिवे फिरतात आणि तिकीट पडतं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य.

यंदा ठेका लालाजींच्या मुलाकडे आहे. गोड बोलतो. "बाबा, उमर हो गई. ये जगह मशीन को दे दो. गाँव जाओ, आराम करो." धाकटा भाऊही हेच लिहितो: दादा, आता घरी ये. लालाजींच्या त्या मुलानं स्वतःचा आणा टाकून मला वजनावर चढवलं. तिकिटावर छापलेलं, 'शीघ्र यात्रा का योग है.' हमाल ओरडला, "लो बाबा, मशीन ने भी टिकट काट दिया!"

मी म्हटलं, "भविष्य ठेव बाजूला, वजन वाच. एवढं उठवायला माणसं किती लागतील ते मोज."

भाऊ, राग मानू नको. गावचं घर तुझं. तिथं मला दादा म्हणणारे तुम्ही चौघंच उरलात. इथं माझ्या बोलण्यात निम्मी हिंदी शिरली आहे, नातू "आजोबा, चलो ना" म्हणत हात ओढतात, तुझ्या वहिनीला इथल्याच मातीत पोचवलं. माझं घर कुठलं, हे मला पंचांगानंही सांगू नये, मग यंत्राची काय कथा!

इतकी वर्षं मी लाकडी खोक्यावर बसलो. खोकं कुणालाही उचलता येतं. त्या वजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी बोलावला आणि त्याच जागी विटांचा ओटा बांधायला घातला.