पुढे बावीस, मागे अठ्ठावीस

शलाका तांबे ही बाई कशी होती, हे सांगायला सुदाम रोकडे हा काही योग्य माणूस नव्हे. मांजर्लीच्या एकाच इमारतीत दोघं पाच वर्षं राहिली, तो तळमजल्यावर, ती आईसोबत दुसऱ्यावर. पण ती उल्हासनगरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जाते, चहात साखर घेत नाही आणि हसताना आधी खांदे हलतात, यापलीकडे त्याला फारसं काही ठाऊक नव्हतं. तिचं लग्न झालं होतं की नाही, हेसुद्धा त्याने कधी विचारलं नाही.

तिची गाडी मात्र त्याला पाठ होती.

ती गाडी पहिल्यांदा पार्किंगमध्ये दिसली तेव्हा सुदामला वाटलं, बिचारीची सीट चोरीला गेली. जुनी टू-स्ट्रोक गाडी, बसायच्या जागी नुसता पत्रा, हँडल वर उचललेलं, पाय ठेवायच्या दांड्या कापून खाली आणि मागे वेल्डिंग केलेल्या. मागच्या चाकाची दातेरी चक्री जेवायच्या ताटाएवढी. अशी गाडी पळणार ती काय! अंबरनाथच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला एवढं पाहूनच कळलं, की हिला वेग नकोच आहे.

दर रविवारी सकाळी शलाका ती गाडी बाहेर काढायची, इंजिन चालू करायची आणि दांड्यांवर उभी राहून जागच्या जागी थांबायची. पाय वर, गाडी स्थिर. पुढचं चाक जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे. मग तोल जायचा, पाय टेकायचा, की पुन्हा सुरू. पहिल्या मजल्यावरची पुतळाबाई गॅलरीतून म्हणायची, "काय गं, पेट्रोल जाळून उभीच राहतेस? उभं राहायला माझा नवरा फुकटात राहतो नाक्यावर!"

सुदाम खिडकीच्या गजांआडून बघायचा आणि मनातल्या मनात आकडे मोजायचा. बारा. एकोणीस. एकदा चाळीस. नंतर तो ते आकडे कॅलेंडरच्या चौकटींत पेन्सिलीने लिहू लागला. एक दिवस जनाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते पाहिलं आणि घाबरून विचारलं, "हे तुमचं बीपी का? चाळीस?"

"नाही गं. वरच्या मजल्यावरची पोरगी."

"तिचं बीपी?"



शलाकाशी त्याचं बोलणं म्हणजे एकदा तिचा दहाचा पान्हा गाडीखाली घरंगळला, तो त्याने काढून दिला. "थँक यू काका," ती म्हणाली. "हां मॅडम," तो म्हणाला आणि घरात गेला. सोसायटीचा सेक्रेटरी जसा सगळ्यांना मॅडम म्हणतो, तसा तोही आपल्या मुलीच्या वयाच्या बाईला मॅडम म्हणून मोकळा झाला. एवढीच ओळख.

मग तो फेब्रुवारी आला. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे मायलेकींचं भांडण तळमजल्यापर्यंत शब्दन् शब्द ऐकू आलं. शलाकाची आई रंजनाताई, आवाज असा की पाण्याची टाकी थरथरावी. "दोन वर्षं झाली! दर वेळी त्या नदीतल्या दगडांवर जातेस आणि पाय सोलून येतेस. अठ्ठेचाळीस ठिकाणी पाय टेकलेस मागच्या वेळी, तूच सांगितलंस ना? एकदा, फक्त एकदा, न टेकता येऊन दाखव. जन्मात तोंड उघडणार नाही. नाहीतर ती गाडी भंगारात घाल!"

"घालते!" शलाका म्हणाली. "या रविवारी एक फेरी तरी शून्यात नाही आली, तर विकून टाकते. बस?"

दारं आपटली. गाडी जाणार म्हटल्यावर कॅलेंडरचं काय होणार, हाच सुदामला पहिला विचार आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी संध्याकाळी तो विहारात गेला. परतल्यावर जेवून झोपला. रविवारी साडेपाचला उठून बाहेर आला, तर काय! शलाकाच्या गाडीची दोन्ही चाकं बसलेली. हवा जवळजवळ नाहीच. सोसायटीतली पोरं असे उद्योग करतात, हे त्याला माहीत होतं. आणि नेमकं आजच!

कारखान्यात सुदामकडे हवेचे कॉम्प्रेसर होते. काटा रेषेवरून एक घर खाली आला तरी त्याला झोप यायची नाही. त्याने घरातून पायपंप आणला, जनाबाई उठू नये म्हणून चपला हातात घेऊन. दम लागेपर्यंत हवा भरली. पुढे बावीस, मागे अठ्ठावीस. बरोबर मापात. वर फडक्याने व्हॉल्व्हही पुसले. आयुष्यात आपण कुणाच्या उपयोगी पडलो, असं त्याला क्वचितच वाटायचं. त्या सकाळी वाटलं.

सहाला टेम्पो आला. शलाका घाईत जिना उतरली, अंधारातच गाडी चढवली, आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "काका, मागे गाडी धरायला कुणी नाही. चामटोलीपर्यंतच जायचंय. येता?"

सुदाम नाही म्हणणार तेवढ्यात आतून जनाबाई ओरडली, "जा की! घरात बसून भिंतीवर आकडे लिहिता नुसते!"

चामटोलीच्या पुढे, नदीच्या पात्रात, काळा कातळ उघडा पडलेला होता. चौदा गाड्या, चौदा माणसं. दगडांवर फक्कीने रेषा मारून वाट आखली होती, आणि ती वाट मुद्दाम सगळ्यात अवघड दगडांवरूनच जात होती. जवळच्या वाडीवरचा वाळू नावाचा गुराखी गुरं घेऊन तिथे बसला होता. तो सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता, "अरं, बाजूनं येवढी चांगली पायवाट हाय! दगडावरनं कशाला जातांव?"

हे सगळं जमवणारा मुकेश उल्हासनगरचा सिंधी, जीन्सच्या चेन आणि बटणांचा व्यापारी. पोट गाडीच्या टाकीवर टेकवूनच चालवायचा. त्याने सुदामला सावलीत उभं पाहिलं आणि हाक मारली. "साईं, इधर आओ! तुम्ही इमानदार दिसता. पाय मोजा. पाय टेकला, एक बोट वर. गाडी पडली नाहीतर थांबून मागे आली, सीधा पाच. कमी ज्याचे, तो पुढे. सिंपल."

"मला नाही जमणार," सुदाम म्हणाला.

"मोजता येतं ना?"

मोजता तर येत होतं.

पहिल्या फेरीत शलाका दगडात शिरली आणि गाडी उसळली. पुन्हा उसळली. एक बोट, दोन बोटं, तीन. शेवटी एक मोठा दगड होता, त्याला सगळे घोडा म्हणायचे; त्याच्या पाठीवरून घसरून ती आडवी झाली. सुदामने पाची बोटं वर केली. आपलाच हात त्याला जड वाटला.

दुसऱ्या फेरीतही तेच. पाच.

ती हेल्मेट काढून दगडावर बसली. कोपर सोललं होतं. "आज माझ्यात काही रामच नाही," ती म्हणाली. "आईचं खरं होणार. उद्याच जाहिरात टाकते गाडीची."

मुकेश पाणी पीत म्हणाला, "तू ठीक चालवतेस यार. गाडीलाच काय झालंय? चेंडूसारखी उडतेय."

चेंडूसारखी. सुदाम तो शब्द घेऊन मुकेशच्या गाडीपाशी गेला आणि अंगठ्याने टायर दाबला. पिकल्या चिकूत जावा तसा अंगठा आत गेला. पलीकडच्या गाडीचा दाबला, तोही तसाच. चौदातल्या तेरा गाड्यांची चाकं जवळजवळ बसलेली होती, आणि प्रत्येक दगडावर ती पसरून त्याला धरत होती. मग त्याने शलाकाच्या गाडीचा टायर दाबला. धोंडा.

पोरांनी नव्हे, तिनेच हवा काढली होती. एरवी ती नदीवर गाडी चालवत यायची आणि इथे येऊन हवा सोडायची, आज टेम्पो होता म्हणून आदल्या रात्रीच सोडून ठेवली होती. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं, की आपण मापात भरलेल्या हवेने या पोरीची गाडी विकायला काढली.

गप्प राहणं सोपं होतं. पाण्याची बाटली शोधायच्या निमित्ताने वाकून दोन्ही व्हॉल्व्ह दाबले असते, तर कुणाला काही कळलंही नसतं. तो वाकलासुद्धा. मग उठला, सगळ्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "मॅडम, हवा मी भरली."

"काय?"

"सकाळी. साडेपाचला. पायपंपाने. मला वाटलं, पोरांनी काढली."

"किती भरलीत?"

"पुढे बावीस, मागे अठ्ठावीस." आणि का कोण जाणे, त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरोबर मापात."

वाळूच्या म्हशीनेही रवंथ थांबवल्यासारखं वाटलं. शलाका त्याच्याकडे बघत राहिली. सुदामने मान खाली घातली. मग त्याला दिसलं, तिचे खांदे हलताहेत.

"काका!" ती हसता हसता पुसत होती डोळे. "साडेपाचला उठून! अहो, पाचच्या वर असता कामा नये इथे! आणि मी मेली रडतेय, की आपल्यालाच काही येत नाही!"

मुकेश तर वाळूच्या गळ्यातच पडला. "साईं, मेरे दुकान में भी आ जाओ कभी, माझ्या गाडीत हवा कुणी फुकट नाही भरत!"

शलाकाने हवेचा काटा सुदामच्या हातात दिला. "तुम्ही भरली, तुम्हीच काढा."

फिटरने हवा सोडायची म्हणजे हलवायाने दूध ओतून द्यायचं. फुस्स. काटा पाचावर आला. "आणखी थोडी," ती म्हणाली. साडेचार. टायर वितळल्यासारखा जमिनीवर पसरला.

तिसरी फेरी. शलाका आत शिरली, आणि आता गाडी दगडांवर उडत नव्हती, मांजरासारखी चालत होती. एक वळण, दुसरं. सुदामची मूठ मिटलेली. घोड्यासमोर ती थांबली, जागच्या जागी, पाय दांड्यांवर, पार्किंगमध्ये थांबायची तशीच. पुढचं चाक डावीकडे, उजवीकडे. सुदामच्या ओठांत सवयीने आकडे आले. चार, पाच, सहा. सातव्याला इंजिन गुरगुरलं, पुढचं चाक उचललं, मागचं दगडाला चिकटलं, आणि गाडी घोड्याच्या पाठीवरून पलीकडे उतरली.

मुकेशने विचारलं, "साईं, किती?"

सुदामने मिटलेली मूठ वर केली. बोटं उघडायची त्याला भीती वाटत होती.

"मूठ कशाला? लाच घेतली काय?"

"शून्य," सुदाम म्हणाला. आणि मग, बत्तीस वर्षं कारखान्याच्या गोंगाटातही कधी ओरडला नव्हता तो, इतक्या जोराने ओरडला, "शून्य!"

सगळं मिळून शलाकाचा नंबर अकरावा आला. ते तिने कुणाला विचारलंही नाही. जिन्यात रंजनाताई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"किती?"

"शून्य."

"म्हणजे नापास?"

"म्हणजे पास, आई. मोजणारे हे बघ, तळमजल्यावरचे काका. यांना विचार."

रंजनाताईने वचन पाळलं, तीन दिवस. चौथ्या दिवशी टाकी पुन्हा थरथरली.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं दर रविवारी सुदाम खिडकी सोडून बाहेर येत राहिला. कार्बोरेटर उघडायचा तो, जेटमधून फुंकायची ती. क्लचची तार किती ढिली ठेवायची यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही. 'मॅडम' कधी सुटलं आणि 'शलाका' कधी आलं, ते त्याच्या लक्षात आलं नाही. इतकं होऊनही तिच्या मनात काय काय होतं, याचा त्याला पत्ता नव्हता. बोलणं व्हायचं ते तारेबद्दल, चेनबद्दल, दगडांबद्दल. कॅलेंडरवरचा सगळ्यात मोठा आकडा तीन मिनिटं अकरा सेकंद असा होता. तो त्याने तिला एकदा दाखवला, तेव्हा तिने मागची सगळी पानं उलटून बघितली.

मग तिला नाशिकला मोठ्या लॅबमध्ये नोकरी लागली. सामान आधी गेलं, रंजनाताईही गेली. शेवटी उरली गाडी. सकाळी टेम्पो आला. दोघांनी मिळून ती चढवली, दोऱ्या बांधल्या. शलाका पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काका, हवेला हात नाही ना लावलात?"

"नाही. दाबून बघितली फक्त."

"मग ठीक. चला, येते."

"हळू जा गं."

"हळूच जाते, काका. दुसरं येतंय काय मला?"