एका दिवसाची प्राध्यापकी

बार्शीहून निघालेली गाडी सकाळी सीबीडी बेलापूरला थांबली, तेव्हा माझ्या पर्समध्ये मूळ प्रमाणपत्रं होती. कित्येक वर्षं मी सीएचबीवर (तासाप्रमाणे, कायम नसलेली नेमणूक) रसायनशास्त्र शिकवतेय. उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका नव्या विद्यापीठात मुलाखत होती, तीही कायमच्या जागेची. साडी नेसून या, असं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. मला वाटलं, चला, जुन्या वळणाची माणसं दिसतायत.

विद्यापीठाची बस आमच्यासाठी उभी होती. मुलाखतीला बस! आतली सगळी माणसं इस्त्रीच्या कपड्यांत, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. उरणचा ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुमी नवीन हाव. बाकीची मानसं दरवर्साची हायत." मला काही कळलं नव्हतं.

उलवे मागे पडलं. खाडीकाठची कांदळवनं गेली, कंटेनरच्या चळती गेल्या, मग नुसतेच रस्ते. रुंद, गुळगुळीत, आणि त्यांच्यावर माणूस औषधालाही नाही. दोन्ही बाजूंना उंच इमारती, पण एकाही बाल्कनीत वाळत घातलेलं कापड दिसेना. तिथं मला पहिल्यांदा कसंसंच झालं.

चौथ्या मजल्यावर एका केबिनच्या दारावर माझ्या नावाची पाटी होती. खोटं कशाला बोलू, मी त्या पाटीवरून हात फिरवला. आत खुर्चीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. बसलं की ते चरचरायचं. मुलाखत कधी, असं तिथल्या कोऑर्डिनेटर बाईंना विचारलं तर त्या गोड हसल्या. म्हणाल्या, आज तपासणी समिती येतेय, ठरावीक मुलांमागे एक शिक्षक दिसायला हवा. विचारलं तर 'जूनपासून आहे' म्हणा, कायमच्या जागेचं पुढे बघू. माझं डोकंच फिरलं.

शेजारच्या केबिनमध्ये सांगलीचे एक सर निवांत पेपर वाचत होते.

"मी बरीच वर्षं आहे इथं," ते म्हणाले. "वर्षातून एक दिवस."

लांबच लांब कॉरिडॉर, सगळी दारं उघडी, प्रत्येक दाराआड एकेक प्राध्यापक बसलेला, आणि आवाज फक्त एसीचा. पळून जावंसं वाटत होतं. पण कायमची जागा म्हटल्यावर पाय हलेना. दुपारी श्रीखंड-पुरी आली. वाढणारी सानिया तिथलीच विद्यार्थिनी. कँटीन आजच उघडलंय, असं ती हळूच सांगून गेली. श्रीखंड छान होतं.

जेवणानंतर समितीतले साहेब माझ्या केबिनमध्ये आले. बाईंनी सानियाला पुढे केलं. मॅडम कशा शिकवतात, असं साहेबांनी तिला विचारलं.

"खूप समजावून," ती म्हणाली. "रिअॅक्शन चुकली तर ओरडत नाहीत. पुसतात आणि पहिल्यापासून काढून दाखवतात."

बार्शीत मी अगदी असंच करते. हिला कुणी सांगितलं?

"कधीपासून आहात?" साहेबांनी मला विचारलं. पोरगी माझ्याकडेच बघत होती.

"आज सकाळपासून," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, बरोबर लिहून घेणाऱ्या माणसाला "जून" म्हणाले आणि पुढच्या दाराकडे गेले. बाईसुद्धा रागावल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सानिया मागे राहिली. तुला हे कसं माहीत, असं मी तिला विचारलं.

"मला काय माहीत, मॅडम? मला जशी मॅडम पाहिजे, तशी सांगितली. हा विषय आमाला कुणी शिकवलाच नाय. परीक्षा तोंडावर आलीय."

मी तिला चरचरणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि कागदावर पहिल्यापासून सुरू केलं. पोरगी हुशार, पटापट उचलत होती. अर्धी रिअॅक्शन झाली असेल, तेवढ्यात खाली बसचा हॉर्न वाजायला लागला. तिनं घाईघाईनं माझा नंबर घेतला.

बार्शीत आईनं दारातच विचारलं, लागली का नोकरी? जूनपासूनच लागलीय म्हणे, मी म्हटलं. ती बिचारी देवापुढे साखर ठेवायला वळली. तिला थांबवायचं बळ माझ्यात नव्हतं. तेवढ्यात सानियाचा मेसेज आला, 'मॅडम, पुढचं लेक्चर कधी?'

पुढच्या वर्षी, हे तिला कसं लिहू?