समोरच्या दाराकडे अडकलेली मान

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट समोरासमोर आहेत आणि दोन्हींत गणिताचा क्लास चालतो. माझा जुना. समोरचा गेल्या दिवाळीनंतरचा. कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर तिथे राहायला आले, आठवडाभरात त्यांनी दारावर पाटी ठोकली, आणि ती माझ्या पाटीपेक्षा मोठी होती. युद्ध मी जाहीर केलं नाही. सुरू झालंय एवढं फक्त मला कळलं.

भांडण मात्र एकदाही झालं नाही. आमच्याकडे शिकलेली माणसं भांडत नाहीत, एकमेकांची चौकशी करतात.

"मॅडम, हल्ली मुलं जरा कमी दिसतात?"

"हो, मी निवडून घेते. तुमच्याकडे बराच गलका असतो, सर."

"हो ना. आमची मुलं उत्तरं देतात."

मे महिना उजाडला. आमच्या धंद्यात हा महिना फार वाईट. नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांच्या आया या महिन्यात क्लास ठरवतात, आणि एकदा ठरला की वर्षभर बदलत नाहीत. रविवारी सकाळी मी त्या सगळ्यांना घरी बोलावलं होतं. ती बॅच मला मिळाली तर माझा क्लास चालणार होता. समोर गेली तर पाटी काढून तिथे तुळशीची कुंडी ठेवायची वेळ येणार होती. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, माझी मान आखडली.

साधीसुधी नाही. डोकं डावीकडे वळलेलं आणि तिथेच बसलेलं. उजवीकडे आणायला गेले की खांद्यापासून कानापर्यंत कोणीतरी तार पिळतंय असं वाटे. नवरा माझ्या उजव्या हाताला चहा घेऊन बसला होता. तो म्हणाला, "बरेच दिवस वाटत होतं तू माझ्याकडे बघत नाहीस. आज खात्री पटली."

सुट्टीतली जादा बॅच होती, म्हणून तशीच क्लासच्या खुर्चीत जाऊन बसले. आमच्या हॉलमध्ये मुलं माझ्या समोर बसतात, फळा माझ्या पाठीशी, आणि डाव्या हाताला बाहेरचं दार. ते मी हवेसाठी उघडं ठेवते, जाळीचं तेवढं लावलेलं असतं. जाळीपलीकडे सरांचं दार. म्हणजे त्या सकाळी मी मुलांना त्रिकोणमिती शिकवत होते आणि टक लावून बघत होते सरांच्या दाराकडे. थोड्या वेळानं ते दार उघडलं.

"मॅडम, काही काम होतं का?"

"नाही."

"मग इकडे का बघताय?"

"मान आखडली आहे, सर."

त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "कशाकडे बघून?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घेतलं. माझी मुलं वहीत तोंड घालून हसली. मला त्यांना रागावताही येईना, कारण रागावायला त्यांच्याकडे बघावं लागतं.

संध्याकाळी नवऱ्यानं मला गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर पेशंटला बसा म्हणायच्या आधी घड्याळ बघतात.

"पडलात?"

"नाही."

"हाताला मुंग्या? बोटं बधिर? ताप?"

"नाही."

"मग घाबरू नका. असं काही झालं तर मात्र लगेच या. स्नायू धरलाय. गोळी देत नाही. घरी शेक घ्या, दोन उशा घेत असाल तर एक करा, मोबाइल मांडीत ठेवून बघू नका, सारखं बसून राहू नका. हनुवटी आत ओढायची, खांदे मागे फिरवायचे. हळू. दुखलं की थांबायचं. पट्टा घालायचा नाही, तो घातला की मान आळशी होते. आणि दिवसभर तुमच्या डावीकडे काय असतं?"

"काही नाही. दार."

"दारात काय असतं?"

"काही नाही."

"अहो, काही नाहीकडे बघून कोणाची मान धरत नाही."

नवरा गेले सहा महिने या संधीची वाट बघत असावा. "चपला," तो म्हणाला. "समोर क्लासला येणाऱ्या मुलांच्या. किती जोड आले, किती गेले, कधी गेले, सगळं बघते ही. शिकवता शिकवता."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "टेबल फिरवा," म्हणाले. "नाहीतर शेजारी बदला. माझी फी तीच राहील."

घरी आल्यावर टेबल फिरवायला मी साफ नकार दिला. फळा भिंतीवर आहे, भिंत फिरत नाही, असं सांगितलं. खरं कारण आमच्या दोघांनाही माहीत होतं. पण बाकीचे उपाय मी जीव लावून केले, कारण रविवार जवळ येत होता. नवरा तव्यावर जाडं मीठ आणि ओवा गरम करायचा, रुमालात पुरचुंडी बांधायचा आणि माझ्या मानेवर ठेवताना, "भाजतंय का?" असं इतक्या आशेनं विचारायचा की मी भाजलं तरी नाही म्हणायचे. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी मानेखाली घेतली. हनुवटी आत ओढण्याचा व्यायाम मी आरशासमोर करत होते. त्यात माणसाला दुसरी हनुवटी फुटते आणि चेहरा एखाद्या नाराज कासवासारखा होतो. पण तार हळूहळू सैल झाली. रविवारी सकाळी मान मधोमध आली होती. उजवीकडे मात्र ती अजून जायला तयार नव्हती.

म्हणून मी युक्ती केली. आयांसाठी मांडलेल्या सगळ्या खुर्च्या डावीकडे ठेवल्या. आया आल्या, बसल्या, मी प्रसन्न हसले. सगळं जमत होतं. मग जुळ्यांची आई आली. ही बाई आणि तिचा नवरा दोघंही हिंजवडीत नोकरीला. तिची जुळी मुलं जिथे जातील तिथे अर्धा वर्ग जातो, कारण बाकीच्या आया तिच्यावर विश्वास ठेवतात आणि तिला घाबरतातही. ती आत आली, वर पंख्याकडे बघितलं, एक खुर्ची उचलली आणि थेट माझ्या उजवीकडे नेऊन ठेवली.

"अहो, इकडे बसा ना," मी म्हणाले.

"तिकडे वारा येत नाही. तुम्ही बोला, मला ऐकू येतं."

मी तिच्याकडे वळले. अख्खी वळले, कमरेसकट, अरुंद गल्लीत बस वळते तशी. तिच्या कपाळावर आठी आली. आणि नेमकं तेव्हाच जाळीचं दार वाजलं.

सर उभे होते. हातात मानेचा पट्टा. त्यांनी तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला होता.

"मॅडम, माझा जुना आहे. म्हटलं, तुम्हाला गरज आहे. या वयात एवढी दगदग..." मग आयांकडे बघून, फार हळव्या आवाजात, "गुरुवारपासून मान हलत नाही हो त्यांची. फळ्याकडेसुद्धा वळता येत नाही."

खुर्च्यांवरच्या पर्सेस मांडीवर आल्या. माझा दहावीचा वर्ग जाळीबाहेर चाललेला मला दिसत होता. चुलीत गेली मान, असं मनाशी म्हणत मी उठून उभी राहिले.

"सर खरं सांगतायत," मी म्हणाले. "माझी मान आखडली आहे. का आखडली तेही सांगते. गेले सहा महिने मी यांच्या दाराकडे बघते आहे. रोज. यांच्या पाटीवर लिहिलंय संध्याकाळी साडेसातपर्यंत. मुलं सातच्या आत चपला घालून खाली असतात. मॅच असेल त्या दिवशी त्याहूनही आधी. विश्वास बसत नसेल तर माझी मान बघा, पुरावा आहे."

"अहो, अभ्यास होतो म्हणून सोडतो!" सर म्हणाले. पट्टा खाली आला होता. "हुशार मुलांना कशाला उगाच डांबून ठेवायचं?"

जुळ्यांची आई पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळली. तिची मान फार छान वळते.

"सातला सोडता?"

"होतो ना पोर्शन पूर्ण..."

"मी हिंजवडीहून पावणेआठला घरी येते. पाऊण तास ही दोघं कुठे असणार?"

सरांनी पट्ट्याची घडी घातली आणि, "चहा गॅसवर आहे," म्हणून गेले. मी विजयी मुद्रेनं आयांकडे बघितलं. डावीकडच्या तेवढ्याच दिसल्या, पण त्या हसत होत्या.

"आणि तुम्ही," उजवीकडून आवाज आला. मी पुन्हा अख्खी वळले. "तुम्ही सहा महिने शिकवताना बाहेर बघत होतात?"

"ते हवेसाठी दार..."

"माझी मुलं तुमच्याकडे येतील. साडेसातच्या आत सोडायचं नाही. आणि क्लास चालू असताना ते दार बंद ठेवायचं. आतलं. लाकडाचं. मुलांकडे बघा."

बाकीच्या आयांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या माना डोलत होत्या, माझी सोडून.

बॅच मला मिळाली. पूर्ण. जूनपासून दार बंद आहे, हॉलमध्ये भट्टी पेटल्यासारखं होतं, आणि मान दोन्ही बाजूंना सुरळीत वळते. नवरा म्हणतो, गुण मिठाचा. डॉक्टरांना विचारलं तर ते फी मागतील.

परवा लिफ्टमध्ये सर भेटले. आम्ही दोघंही मजल्यांचे आकडे बघत होतो.

"हल्ली माझी मुलं बरोबर साडेसातला सुटतात, मॅडम," ते म्हणाले.

"मला काय माहीत? माझं दार बंद असतं."

"म्हणूनच सांगितलं," सर म्हणाले, आणि लिफ्ट थांबताच, आपण आधी, असा हात करून मला वाट दिली.